कुवेतचे दोन टायर

महाड,
१६ ऑक्टोबर २००३

तौकीर,

सलाम. तुझं पत्र मंगळवारी दुकानाच्या पत्त्यावर आलं. पाकिटावर यांचं नाव होतं, म्हणून मी फोडलं नाही. यांनी फोडलं, अक्षर लावत लावत दोनदा वाचलं आणि माझ्याकडे दिलं. उत्तर मी लिहिते आहे, कारण यांची शाळा उर्दूतली आणि यांचं मराठी अक्षर यांनाच लागत नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा हे पत्र यांचं समज. हात फक्त माझा आहे.

तू विचारलंस की कॅनडातल्या थंडीसाठी गाडीला वेगळे टायर लागतात, हे खरं की दुकानदारांचा धंदा. हे म्हणतात, खरं असणार. थंडीत रबर कडक होतं, आणि कडक रबर रस्ता धरत नाही. थंडीच्या टायरचं रबर मऊ असतं आणि नक्षी खोल असते. यांनी बर्फ फक्त फ्रिजमध्ये पाहिलेला आहे, म्हणून खात्री करायला यांनी रबराचे दोन तुकडे फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले, एक नव्या टायरचा आणि एक जुन्याचा. दुपारी काढून वाकवून पाहिले. घरातल्या सगळ्या बर्फाला रबराचा वास लागला आहे. सरबत करायची सोय राहिली नाही.

दुसरा प्रश्न, दोन बसवायचे की चार. हे म्हणतात, चारही. दोनच चाकांनी रस्ता धरला आणि दोन चाकांनी सोडला, तर गाडी जागच्या जागी फिरते. तुझ्या शेजारच्या सरदारजींनी त्यांचे थंडीचे चार टायर तुला भेट म्हणून देऊ केले आहेत, कित्येक वर्षं तळघरात नुसते पडून आहेत, नक्षी नवी आहे, असं तू लिहितोस. हे म्हणतात, नीट बघून घे. हवा आठवड्याला तपास, थंडीत ती आपोआप कमी होते.

तुझ्या आफियाला पुढच्या महिन्यात आठ पुरी होतील, हिशेब करून कळलं. तिला शाळेत तू गाडीने सोडतोस हेही पत्रातूनच कळलं. अलीशबाला सलाम. तुझ्या पत्रावर फोन नंबर नाही, नाहीतर बूथवरून यांनी फोन केला असता.

इथे सगळे बरे आहेत.

नसीबा


महाड,
२० ऑक्टोबर २००३

तौकीर,

हे पत्र स्पीड पोस्टने पाठवते आहे. आधीचं पत्र आधी पोचेल की हे, मला माहीत नाही. हे आधी मिळालं तर बरं होईल.

त्या पत्रात एक ओळ मी गाळली. हे बोलत होते आणि मी लिहीत होते. 'नीट बघून घे' याच्या पुढे यांनी सांगितलं होतं, 'त्याला विचार, ते टायर कुठल्या साली बनलेले आहेत. पडून राहिलेला टायर नवा नसतो.' हे मी लिहिलं नाही. हे बोलत पुढे गेले आणि मी पुढचं, हवेचं, लिहिलं. यांनी पत्र वाचून बघितलं नाही. मी वाचून दाखवलं, आणि वाचतानाही ती ओळ तोंडाने म्हटली, कागदावर नसताना.

शुक्रवारी पत्र टपालात टाकलं. शनिवार आणि रविवार आफिया डोळ्यांसमोरून हलली नाही. आता ती कशी दिसते हेही मला माहीत नाही. दप्तर घेतलेली कोणतीही एक मुलगी, मागच्या सीटवर.

म्हणून आधी कामाचं लिहिते. ते टायर घेऊ नको. कुणी किती प्रेमाने देऊ केले तरी घेऊ नको. माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी काही ठेवलेलं नाही, म्हणून स्वतः बघ. टायरच्या अंगावर, कडेला, लंबगोल चौकटीत आकडे असतात. बऱ्याचदा ते एकाच अंगाला असतात, बाहेर दिसले नाहीत तर आतल्या बाजूने बघ. चार आकडे असले तर पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. तीनच आकडे असले तर तो टायर सन दोन हजारच्या आधीचा, म्हणजे विचारायचंही कारण नाही. काळ्यावर काळे असल्यामुळे आकडे दिसत नाहीत. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायची, लहानपणी आपण नाण्याचा छाप काढायचो तशी. आकडे कागदावर येतात.

हे मी आता रोज करते. दुकानात हल्ली मीच जास्त बसते, आणि आकडे वाचल्याशिवाय एक टायर बाहेर जाऊ देत नाही. पोलादपूरचा चांगू, ट्रकवाला, तुला आठवत असेल. तो परवा खोळंबून म्हणाला, "भाबी, टायर घ्यायचा हाय मला, जावई नाय. पत्रिका कवापर्यंत बघणार?" सगळे हसले. मीही हसले.

आता ती ओळ का गाळली ते लिहिते.

पंचाण्णवच्या मे महिन्यात तू जीपला पावसाळ्याआधीचे टायर घ्यायला आला होतास. दरवर्षी मृगाच्या आधी यायचास, तसाच. हे लग्नाला खेडला गेले होते. तू मागच्या चाकांसाठी दोन मागितलेस, आणि मी शिडी लावून माळ्यावरून ते दोन काढून दिले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. आठवतं? तू म्हणालास, "आपा, हे तर कुवेतचे." मी म्हटलं, "मग? माझ्या भावाला नाहीत तर कुणाला?"

माझ्या जेठांनी, यांच्या मोठ्या भावाने, ते कुवेतहून सत्त्याऐंशीत आणले होते. हे जीप घेणार होते तेव्हा. जीप झाली नाही, टायर राहिले. आपल्याकडे कुवेतची वस्तू कुणी वापरतं का? माझ्या लग्नातला कपबशांचा सेट अजून काचेच्या कपाटात आहे. तिथला साबण आपली मा कपड्यांच्या घड्यांत ठेवायची, अंगाला कधी लावला नाही. ब्लँकेट पाहुण्यांसाठी, आणि पाहुणेही तसेच तोलामोलाचे हवेत. तसेच ते टायर. दर ईदला मी माळा झाडायचे तेव्हा त्यांच्यावरचं प्लास्टिक पुसायचे. त्यांच्या अंगावरचे बारीक रबराचे केससुद्धा तसेच होते. माझ्या घरातली सगळ्यात चांगली वस्तू मी तुला दिली, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि तसंच होतं.

आठ वर्षं पत्र्याखालच्या उन्हात तापून ते रबर दगड झालं होतं. दिसायला नवं, आणि ओल्या रस्त्यावर काच. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

नऊ जूनला कशेडी उतरताना तुझी जीप फिरली ती त्या दोन टायरांमुळे. तू पोलिसांना हेच सांगत होतास, मागचं अंग आपोआप फिरलं, मी ब्रेक हलकाच लावला होता. कुणी ऐकलं नाही. घाटात जीप गटारात आडवी झाली, खेडहून गावी निघालेला तुझा प्रवासी रामा दाराशी बसला होता, तो जीपखाली आला आणि गेला. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. त्याची बायको तुळसा तुझ्या नावाने रस्त्यावर ओरडत होती, ते मी ऐकलं आहे. सगळे म्हणाले, तौकीर जोरात होता. पुढे पुढे तूही म्हणायला लागलास, असेन जोरात.

हवालदार दुकानात आला होता. त्याने विचारलं, टायर कसले होते. मी म्हटलं, नवे. आमच्याच दुकानातले. केससुद्धा गेलेले नाहीत, बघा जाऊन. त्याने जाऊन बघितलं आणि तसंच लिहिलं. हे शेजारी उभे होते.

टायर घेऊ नको, तौकीर. एवढं तरी कर.

नसीबा


महाड,
३ नोव्हेंबर २००३

तौकीर,

रमजान सुरू होऊन आठवडा झाला. रोजा धरून अर्धं खरं बोलल्यासारखं वाटतंय, म्हणून पुन्हा लिहिते.

मागच्या पत्रात मी लिहिलं, मला तेव्हा माहीत नव्हतं. ज्या दिवशी टायर दिले त्या दिवशी माहीत नव्हतं, हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी कळलं.

हे खेडहून आले, माळा रिकामा बघितला आणि विचारलं. मी मिरवत सांगितलं, तौकीरला दिले. हे शिडी चढून माळा पुन्हा बघून आले. मग म्हणाले, "अगं, ते मी बिरवाडीच्या कोंडाजीला बैलगाडीसाठी देणार होतो. माणसांच्या गाडीला नाही चालत ते आता. पावसाच्या आधी उतरवून घे त्याच्याकडून." मला राग आला. वाटलं, माझ्या माहेरच्यांना काही दिलं की यांना ते बैलगाडीचं वाटतं. मी म्हटलं, सांगते. यांना वाटलं, सांगितलं.

अठ्ठावीस मेला टायर दिले, एकोणतीसला मला कळलं. नऊ जूनपर्यंत अकरा दिवस होते.

त्या अकरा दिवसांत तू दोनदा आलास. एकदा दुकानासमोर हॉर्न वाजवून नुसता हात केलास. दुसऱ्यांदा अलीशबा बरोबर होती. तिला चौथा महिना होता, तुम्ही डॉक्टरांकडून येत होता. मी कोळंबीचा भात केला होता, तो तुम्ही जेवलात. जेवताना तू तिला सांगत होतास की नाक्यावरचे सगळे जीपवाले टायर बघायला आले होते, एकाने तर हात फिरवून बघितला. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणी मोठी बाई आहे. सांगायचं तर त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंडात शब्द होते. पण दिलेली वस्तू भावाकडून परत मागायची, आणि तीही अशी की ती मुळात बैलांच्या गाडीला जायची होती, हे तिच्यासमोर मला म्हणवेना. वाटलं, उद्या एकटा भेटेल तेव्हा सांगू. ऊन अजून कडक होतं. तू निघताना मी टायरांवर हात ठेवला होता, तुला वाटलं असेल दुआ देते आहे.

पुढे तीन वर्षं खटला चालला, सुटलास, आणि तरी गावात तुला कुणी गाडी चालवायला देईना. त्या काळात तू आमच्याकडे येऊन राहतो म्हणाला होतास. मी घर रंगवायला काढलंय असं सांगितलं. घर रंगवलंही, खोटं ठरू नये म्हणून. तुला वाटलं असणार, आपाला माझी लाज वाटते. माणूस मारलेला भाऊ घरात नको. मला तुझ्याकडे बघता येत नव्हतं, एवढंच होतं.

मस्कतला निघालास त्या दिवशी महाडच्या स्टँडवर तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "आपा, तुलापण वाटतं का, मी जोरात होतो?" मी म्हटलं, गाडी लागली बघ. गाडी लागायला अजून वेळ होता. आपण दोघंही तिथेच उभे होतो.

तिथून तू एकदाही मला पत्र लिहिलं नाहीस. मा गेली तेव्हा तुझी तार आली, तीही यांच्या नावाने. मस्कतहून तू कॅनडाला गेलास हे मला तुडील गावच्या माणसांकडून कळलं.

ते दोन टायर अजून आहेत. जीप भंगारात गेली तेव्हा कोंडाजीने तिथूनच उचलून आणले. दर बाजारच्या दिवशी बिरवाडीला त्याची गाडी असते, मी बघते. बैलांच्या चालीने टायर काय झिजणार? नक्षी अजून तशीच आहे. फ्रिजमध्ये यांनी जो जुना तुकडा ठेवला तो त्यातलाच, यांनी कोंडाजीकडे जाऊन एका कडेचा कापून आणला. कुणाला काही बोलले नाहीत. दुपारी काढून वाकवला तर वाकला नाही, तुटला. यांनी दोन्ही तुकडे टेबलावर माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, आता लिही.

आणि तरी मी ती ओळ गाळली.

मागचं पत्र टाकल्यावर मी यांना सगळं सांगितलं, तुला तेव्हा काही बोललेच नव्हते तेही. हे बराच वेळ पान्याने नट घट्ट करत बसले. मग म्हणाले, "माझंपण नाव घाल. हवालदार आला तेव्हा मला वाचा होती." म्हणून घालते. पण यांनी गप्प राहून माझी बाजू सांभाळली. माझ्याकडे सांभाळायला फक्त मीच होते.

आणखी एक. हे सगळं मी तुला लिहिलं, पण ऐकायचा हक्क असलेलं माणूस इथे पोलादपूरच्या वर राहतं. ईद झाली की मी तुळसाकडे जाणार आहे. लिहून ठेवते म्हणजे मागे फिरता येणार नाही.

नसीबा


महाड,
१२ डिसेंबर २००३

तौकीर,

तुझं पाकीट सोमवारी आलं. या वेळी त्यावर माझं नाव होतं.

आत पत्र नव्हतं. चार पातळ कागद होते. दुकानाच्या दारात उजेडाला धरून मी एकेक बघितला, मग यांना चष्मा लावायला लावून पुन्हा बघितला. चारही कागदांवर एकच, ३५०३. पस्तिसावा आठवडा, सन दोन हजार तीन. ऑगस्ट संपता संपताचे. आपल्याकडे नारळीपौर्णिमा होऊन गेल्यावर तिकडे कुठल्या कारखान्यातून बाहेर पडलेले. हे म्हणाले, "ताजे आहेत." भाजीवालीने म्हणावं तसे म्हणाले, आणि आत जाऊन तोंड धुऊन आले.

तीन कागदांवर पेन्सिल सरळ घासलेली आहे. चौथ्यावर वेडीवाकडी, खूप जोर देऊन, आणि कोपऱ्यात शिशाने माखलेल्या बोटाचा ठसा आहे. ठसा लहान आहे. तो कागद मी यांनासुद्धा हातात धरू दिला नाही.

तू एक शब्द लिहिला नाहीस, ते बरोबर आहे.

आता तुळसाचं. ईदनंतरही मी बारा-तेरा दिवस काढले. कधी पाहुणे, कधी दुकान. तुझं पाकीट आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पोलादपूरला गेले आणि वर चालत गेले. हे येतो म्हणत होते, मी नको म्हटलं.

ती अंगणात नाचणी पाखडत होती. केस पांढरे झालेत. मला बघून म्हणाली, "टायरवाली ना तू? त्याची भैन." मी हो म्हटलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कुवेतचे टायर, माळा, अकरा दिवस, हवालदार. सूप चालूच होतं. एकदा तिने सुपातला खडा वेचून बाजूला टाकला, तेवढ्यापुरता तिचा हात थांबला.

माझं संपल्यावर तिने विचारलं, "मंग तो जोरात नव्हता?"

मी म्हटलं, "नाही. तो जोरात नव्हता."

तौकीर, हे वाक्य मी कुणासमोर तोंडाने पहिल्यांदा म्हटलं. स्टँडवर म्हणायचं होतं, ते तिच्या अंगणात म्हटलं.

"तवा का नाय बोललीस?"

"भीती वाटली."

"कोनाची?"

पोलिसांची नव्हती. तिची नव्हती. अलीशबाने ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं होतं, ती जाईल याची असावी. एवढ्याशा गोष्टीची भीती वाटली, हे रामाच्या बायकोला कसं सांगणार?

मग तिने सूप खाली ठेवलं आणि बोलली. ते मी घरी येऊन लगेच कागदावर उतरून ठेवलं, विसरू नये म्हणून, आणि सोयीचं तेवढंच आठवू नये म्हणून. तिने मला बजावलं होतं की त्याला लिहून कळव. तिचे शब्द असे होते:

"आट वर्सं रोज सकाळी चूल पेटवताना त्या पोराला शिव्या घातल्या मी. त्याची आय गेली आयकलं तवा मला बरं वाटलं व्हतं. म्हटलं, आता त्याला कळंल. ह्ये पाप तुज्या माथी हाय, माज्या नाय. त्याला लिव, तुळसा बोलली का त्याच्या शिव्या परत घेतल्या. सगळ्या. पोरीला घेऊन गावाला आला तर माज्या दारावरनं जाऊदे, मी तोंड फिरवायची नाय. आनि तू. तू परत हितं येऊ नको. तुज्या शिव्या आजपासून चालू झाल्या."

तिने पाणी विचारलं नाही. मी उतरून आले.

हे सगळं तिने सांगितलं तसं लिहिलं आहे. पाकीट बंद करण्याआधी यांच्या हातात देऊन वाचायला लावलं, एकेक अक्षर लावत यांना अर्धा तास लागला. या वेळी एकही ओळ गाळलेली नाही.

नसीबा